मेझनाइनवरचं मौन

प्रत्येक मराठी घरात ओट्याखाली एक पिशवी असते आणि त्या पिशवीत बाकीच्या सगळ्या पिशव्या असतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, तरी ती फुगत जाते. डॉक्टरच्या डोक्यात किश्शांचं तसंच होतं! एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात.

माझ्याकडचे बरेचसे किस्से अबुधाबीतल्या एका क्लिनिकचे आहेत. खाली किराणा आणि लाँड्री, वर राहणारी कुटुंबं, आणि मधल्या मेझनाइनवर आम्ही. मी फॅमिली डॉक्टर, म्हणजे सर्दीपासून सासूपर्यंत सगळं. काउंटरवर मनिलाची जॉय. आणि क्लिनिकची खरी मालकीण म्हणजे वसईची सिस्टर फिलोमिना. तसा पगार तीही घ्यायची, पण ते फक्त कागदावर.

लिहायचं ठरवल्यावर मी तिला फोन केला आणि म्हटलं, सगळ्यांची नावं बदलतेय. तर म्हणाली, "बाकी सगल्यांची बदला. माझा नाव बदलला तर बोलणार नाय तुमच्याशी!"

तिचं तेवढं तसंच ठेवलंय.

* * *

दोन हजार आठ संपता संपता दुबईत मंदी आली. पेपरात यायच्या आधी ती आमच्या वेटिंग रूममध्ये येऊन बसली होती. छातीत धडधड, झोप नाही, भूक नाही. तपासलं की आत काहीच नाही, खिशात मात्र नोटीस.

ठाण्याचे एक गृहस्थ होते, बांधकाम कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. आले ते टाय लावून. बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, माझा इन्शुरन्स गुरुवारपर्यंत आहे. तोपर्यंत मला जे काही व्हायचंय ते होऊन जाऊ दे!"

डोळे, दात, हृदय, गुडघे, सगळं बघितलं. माणूस ठणठणीत! रिपोर्ट ऐकून त्यांचा चेहरा असा पडला की मला अपराधी वाटायला लागलं. फिलोमिनाने त्यांच्यासमोर कप ठेवला.

"काय नाय निघाला तुमच्यात. चहा घ्या. तो इन्शुरन्समधी हाय."

गृहस्थ हसले आणि हसता हसता टायनेच डोळे पुसले. पुढे ते ठाण्याला परत गेले असं कळलं.

* * *

केतकी आली ती याच्या पुढच्या वर्षी. मूळची डोंबिवलीची, दुबईत एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. तिचं ऑफिस बंद पडलं, मग नवऱ्याची, समीरची, साइट बंद पडली आणि त्याला अबुधाबीत लहानशी नोकरी मिळाली म्हणून दोघं इकडे आली.

टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. मी अभिनंदन केलं, तर ती शाळेतल्या हुशार मुलीसारखी ताठ बसून म्हणाली, "डॉक्टर, मी आज सकाळी सगळ्या गोळ्या फ्लश करून टाकल्या. शहाण्यासारखं केलं ना?"

"कसल्या गोळ्या?"

मग सगळं बाहेर आलं. तीन वर्षांपूर्वी गाडीला मागून ठोकर बसली होती, कंबर धरली होती. दुखण्यावर गोळ्या मिळाल्या. त्या अफूच्याच कुळातल्या. कंबर बरी झाली, गोळ्या राहिल्या. नोकरी गेल्यावर वाढल्या. इथे मिळेनात तेव्हा मुंबईहून येणाऱ्या ओळखीच्यांच्या सामानातून यायला लागल्या. या देशात तशी गोळी कागदाशिवाय पर्समध्ये सापडली तर थेट तुरुंग! हे तिलाही माहीत होतं. सांगताना ती जांभयांवर जांभया देत होती आणि एसीत बसून घामाने भिजली होती.

"केतकी," मी म्हटलं, "हे असं एकदम बंद करायचं नाही. बाळाला झेपणार नाही. पोटातून जाऊ शकतं."

तिचा ताठपणा एका क्षणात गेला. "म्हणजे माझं बाळ नशेत आहे?"

फिलोमिना तिच्याजवळ स्टूल ओढून बसली. "नशेत नाय ग. तुला सवय लागली, तशी त्याला लागली. पोराची सवय सोडवताना त्याचा हात धरायचा असतो. ढकलायचा नसतो."

अबुधाबीतल्याच मोठ्या हॉस्पिटलात या विषयाचे एक स्पेशालिस्ट होते. त्यांच्याशी बोललो, सगळं रीतसर कागदावर आणलं. ठरलं ते असं. जुन्या गोळ्या खलास. त्याऐवजी मापात बांधलेली दुसरी एक गोळी, रोज सकाळी आमच्या क्लिनिकमध्ये, सिस्टरच्या समोर, जिभेखाली. पूर्ण विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचं. बोलायचं नाही, गिळायचं नाही. एवढं चुकवलं नाही तर बाळ पोटात नीट वाढेल. जन्मल्यावर थोडे दिवस थरथरेल, रडेल, त्याला सांभाळावं लागेल, पण तेही निभेल. चुकवलं तर कशाचीच खात्री नाही.

केतकीने सगळं ऐकलं. मान हलवली. मग तिची एकच अट होती.

"सासूबाईंना कळता कामा नये."

* * *

समीर साइट इंजिनिअर. त्याला हा 'रोज एक गोळी' प्रकार अजिबात पटेना. दुसऱ्या दिवशी तो एकटाच येऊन बसला.

"डॉक्टर, मी सगळं वाचलंय. आपण एकदम शटडाउन घेऊ या ना! आठवडाभर त्रास होईल, मग सुटलो."

मी समजावायला तोंड उघडणार, तोच फिलोमिना म्हणाली, "तुजी दुबईची साइट एकदम बंद पडली ना? तिथे आता काय हाय?"

मला वाटलं हा आता उठून जाणार. दुखऱ्या जागी बोट ठेवायची सिस्टरची सवय मला माहीत होती, पण हे जास्तच झालं होतं.

"सळया वर आल्यात," तो हळूच म्हणाला. "गंजल्यात. अर्धवट स्लॅब आहे. पाणी साठतं."

"मग?"

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. मग म्हणाला, "सकाळी किती वाजता आणू तिला?"

* * *

शुक्रवारी क्लिनिक बंद. गोळी मात्र रोजची, आणि क्लिनिकबाहेर न्यायची नाही असा नियम. त्या काळी इथे चर्चची मोठी प्रार्थना रविवारी नसायची, शुक्रवारी असायची, कारण सुट्टी शुक्रवारची. तेव्हा फिलोमिना चर्चमधून तशीच, ठेवणीतल्या ड्रेसमध्ये आणि उंच टाचांच्या सँडलमध्ये, क्लिनिक उघडायला यायची. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ओव्हरटाइमही नव्हता.

"यल्ला, चल, तोंड उघड. जीभ वर." गोळी ठेवायची आणि समोर बसायची. दोघी एकमेकींकडे बघत बसत. गोळी विरघळली की फिलोमिना म्हणायची, "खलास! आता बोल, काय बोलायचाय ते."

आणि केतकी बोलायची. सुरुवातीला दोन वाक्यं, मग अर्धा तास. कंबर, नोकरी, लाज, रात्रीची भीती, सगळं. एकदा मी फिलोमिनाला विचारलं की तू तिला इतकं काय सांगतेस.

"मी कुठे काय सांगते? आधी तिला गप्प बसवते. मग लोक आपोआप बोलतात. तुमी डॉक्टर लोक उलटा करता!"

* * *

सातवा लागला आणि बाळंतपणासाठी सासूबाई आल्या. मंगलाकाकू, इचलकरंजीच्या. कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो', 'मी करतो' म्हणतात, तशा म्हणणाऱ्या. आवाज असा की खालच्या किराण्यातला माणूस वर बघेल.

त्या आल्या आणि केतकी दोन दिवस क्लिनिकला फिरकलीच नाही. रोज सकाळी कुठे जातेस, असं विचारलं तर काय सांगणार! फिलोमिनाने फोन केले, उचलले नाहीत. आम्ही दोघी काळजीने अर्ध्या झालो. समीरला ऑफिसात फोन लावावा का, या विचारात होते, तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. काकू केतकीला दंडाला धरून घेऊन आल्या होत्या. हातात चार डबे.

"डॉक्टरीणबाई, हिला डोहाळे लागलेत! उशिरा लागले, पण कडक लागले!"

केतकी पांढरीफटक. जांभया, घाम, अंगावर काटा, पाय एका जागी ठरेनात. काकू रंगात येऊन सांगत होत्या, "काल दिवसभर घरात येरझाऱ्या घालायलीय. काहीतरी पाहिजे आहे, पण काय ते सांगंना! भडंग दिलं, नको. करवंदाचं लोणचं, नको. तांबडा रस्सा केला, त्याच्याकडं बघून रडली. भाजलेल्या मातीचा खडा तेवढा द्यायचा राहिलाय. तुम्हीच विचारा बघू!"

मी केतकीला आत नेलं. फिलोमिनाने न बोलता गोळी ठेवली. बाळाचे ठोके नीट लागत होते, ते ऐकून मी स्वतः खुर्चीत बसले. केतकीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंड मिटलेलं होतं.

तासाभराने ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावर रंग आला होता. काकू थक्क!

"पुरवले की डोहाळे! काय दिलंत?"

माझ्या तोंडून निघालं, "आवळासुपारी."

दुसऱ्या दिवशी काकूंनी क्लिनिकसाठी डबाभर आवळासुपारी आणली. जॉयला तिचं वेडच लागलं.

* * *

रोज सकाळी बाळाचे ठोके बघायचेत असं आम्ही सांगितलं, तशा काकू रोज सोबत यायला लागल्या. बाहेर बसायच्या. एक दिवस सरळ दार उघडून आत.

"मी बसतो की इथं. माझीच सून आहे."

गोळी नुकतीच जिभेखाली गेली होती. काकू म्हणाल्या, "केतकी, दुपारी भाकरी करू का चपाती?" केतकी गप्प. "अगं, मी बोलतोय तुझ्याशी." केतकी गप्प. तिचे डोळे भेदरून फिलोमिनाकडे वळले.

फिलोमिना इंजेक्शनांचा ट्रे आवरत शांतपणे म्हणाली, "तिचा मौन हाय."

"मौन?"

"होय. आमच्याकडे बाळासाठी सकाळी मौन ठेवायला सांगतात. आई शांत तर बाळ शांत."

काकूंनी डोळे बारीक केले. "किती वेळ?"

"विरघळेपर्यंत," फिलोमिना बोलून गेली.

"काय विरघळेपर्यंत?"

माझ्या हातातला स्टेथोस्कोप तिथेच थांबला. वसईची ती बाई मात्र डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली, "राग!"

काकू बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग केतकीकडे. मग पदर आवरून त्यांनी स्टूल ओढलं, हात मांडीवर ठेवले आणि तोंड मिटून घेतलं. आमच्या क्लिनिकमध्ये इतकी शांतता मी आजवर ऐकली नव्हती.

पुढच्या दिवसापासून काकूंनी ते व्रतच केलं. आत जायच्या आधीच वेटिंग रूममध्ये केतकीला शेजारी बसवून घ्यायच्या आणि कुणी बोललं की ओठांवर बोट. जॉयने फोनची बेल बारीक केली. एका बाईंची मुलं "मॉम, व्हाय इज एव्हरीवन क्वायट?" म्हणत होती, तीही काकूंनी नजरेने बसवली. एकदा एक पठाण टॅक्सीवाला खोकला दाखवायला आला. रांगेने बसलेली चिडीचूप माणसं बघून तो दारातच थबकला, डोक्यावरची टोपी नीट केली आणि जॉयला हळूच विचारलं,

"मर गया क्या कोई?"

* * *

आठव्या महिन्यात एक दिवस गोळी ठेवल्याठेवल्या केतकी म्हणाली, "थँक्यू सिस्टर, येते."

फिलोमिनाने दार अडवलं. "एवढ्यात बोललीस कशी? हात उघड."

मुठीत गोळी होती. केतकी भिंतीला टेकून रडायला लागली. आदल्या दिवशी इथल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला गेली होती. तिथे एक बाई सांगत होत्या की नऊ महिन्यांत मी डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा घेतली नाही, मुलांसाठी एवढं तरी करायला हवं ना!

"त्या आई आहेत," केतकी म्हणाली. "मी कोण आहे?"

मला इतका राग आला की त्या बाईंचा नंबर शोधावा असं वाटलं. फिलोमिनाने तिचा चेहरा ओल्या टॉवेलने पुसला, लहान मुलीचा पुसतात तसा. "तू रोज येतेस, तोंड मिटून बसतेस, गिळत नायस, पळत नायस. आणखी आई कशी असते? नवीन गोळी आणते. बस."

ती बसली. जीभ वर केली.

पण त्या हळदीकुंकवाचा उरलेला भाग मला नंतर दुसऱ्या एका पेशंटकडून कळला. काकूही तिथे होत्या. त्या बाईंचं व्याख्यान त्यांनी वाटीतली डाळ संपवता संपवता पूर्ण ऐकून घेतलं. तेव्हा त्या बाईंची दोन मुलं सोफ्यावरून पडद्याला लोंबकळत होती. काकू त्यांच्याकडे बघून म्हणाल्या,

"घ्यायची होतीस की. पोरं जरा निवांत झाली असती!"

* * *

मुलगी झाली. वेळेवर, पुऱ्या वजनाची, केसाळ. दुसऱ्या दिवशी थरथरायला लागली. चिरकं रडायची, दार वाजलं तरी सगळं अंग ताठ करून दचकायची. हॉस्पिटलने तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. मंद दिवा, आवाज नाही, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं आणि उघड्या छातीशी धरून बसायचं. काकूंना सांगितलं गेलं की बाळ जरा नाजूक आहे.

मी भेटायला गेले तर केतकी तिला छातीशी धरून बसली होती. "डॉक्टर, हे माझ्यामुळे ना?"

खोटं बोलायचं नाही असं मी लिफ्टमध्येच ठरवलं होतं. "हो, गोळीमुळे. आणि ती इतकी छान भरली, वेळेवर आली, तेही रोजच्या गोळीमुळेच. दोन्ही खरं आहे."

तिने मुलीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्याजवळ असली की कमी थरथरते."

ते मलाही दिसत होतं. मी तिथे उभी राहून डोळे पुसले आणि परत क्लिनिकला आले.

* * *

मुलगी सुधारत गेली आणि बारशाच्या आधी घरी आली. पण आवाजाला दचकायची ती दचकायचीच. एकदा दचकली की तासभर रडणं आणि थरथरणं. आणि काकूंनी बारशाचं आमंत्रण मुलगी व्हायच्या आधीच अख्ख्या बिल्डिंगला देऊन ठेवलं होतं!

आदल्या दिवशी केतकीचा फोन. "डॉक्टर, वीस-पंचवीस बायका येणार. पाळणा म्हणणार, कानात कुर्र करणार, टाळ्या वाजवणार. ती सगळ्यांसमोर थरथरायला लागली की लोक विचारणार, हे काय आहे? मी आईंना काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. आम्ही लवकर येतो."

गाडीत मी आणि फिलोमिनाने कारणं जुळवली. कानाचं इन्फेक्शन म्हणावं, की व्हायरल? फिलोमिना म्हणाली, "व्हायरल बोला. व्हायरल सगल्याला चालतो." पण वाटेत ट्रॅफिक लागला आणि पोचायला उशीर झाला. दाराबाहेर चपलांचा हा ढीग. एवढ्या बायका आत, आणि आतून चकार शब्द ऐकू येत नव्हता.

बेल दाबायला गेले तर बेलवर चिकटपट्टी. तेवढ्यात दार आपोआप उघडलं. काकू, पैठणी नेसलेल्या, ओठांवर बोट.

आत पडदे ओढलेले. एक समई. झगमगीत साड्या नेसलेल्या सगळ्या बायका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेल्या, पण श्वाससुद्धा हळू घेत होत्या. हळदीकुंकवाच्या त्या बाईही होत्या, मुलांना बाहेर ठेवून आलेल्या. मध्ये पाळणा होता, पण रिकामा. मुलगी केतकीच्या छातीशी, तिच्याच पदराखाली झोपलेली.

"यांच्या घराण्यात बारसं मौनात करतात," शेजारची बाई माझ्या कानात कुजबुजली. "किती छान पद्धत आहे नाही?"

मी फिलोमिनाकडे बघितलं. तिने माझ्याकडे.

पाळणा म्हटला गेला, नुसते ओठ हलवून. रिकामा पाळणा दोघींनी हळूच हलवला. कुर्र झालं तेही फुंकरीएवढं. आत्याच्या पाठीवर धपाटे घालायचे असतात, पण आत्या इचलकरंजीत, समीरच्या लॅपटॉपवर आवाज बारीक करून बसलेली. म्हणून बायकांनी आपापल्या शेजारणीच्या पाठीवरून हात फिरवला. नाव काकूंनी सांगितलं, बाळाच्या कानात आणि मग केतकीच्या कानात. मुलगी झोपेत जरा हलली आणि आईच्या छातीत आणखी आत शिरली.

लॅपटॉपमधून आत्याचा बारीक आवाज आला, "आई, ही पद्धत कधीपासून आपल्यात? माझ्या पिंट्याच्या बारशाला तर बँड होता!"

"आजपासून," काकू म्हणाल्या आणि लॅपटॉप मिटला.

मग त्या सुंठवड्याचं ताट घेऊन आमच्यापाशी आल्या. फिलोमिनाने सुंठवडा घेतला, पण तोंडात घालायचं काही तिला सुचेना. शेवटी तिने अगदी हळू आवाजात विचारलं,

"काकू, किती वेळ ठेवायचा हा मौन?"

काकूंनी मागे वळून सुनेकडे बघितलं. केतकी मुलीला धरून हलके हलके झुलत होती. काकू फिलोमिनाकडे वळल्या आणि तिच्याच शांत आवाजात म्हणाल्या,

"विरघळेपर्यंत."